मानधनावरचा कबड्डी कोच : कोकणातल्या कॉलेजांना काय मिळतं, काय मिळत नाही

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत बहुतेक कॉलेजांत कबड्डीला स्वतंत्र, पूर्णवेळ कोच नसतो. क्रीडा विभागाचे एकच सर क्रिकेटपासून बुद्धिबळापर्यंत सगळं सांभाळतात, म्हणून जिमखाना एका हंगामापुरता बाहेरून माणूस आणतो. कधी तो गावच्या मंडळाचा जुना चढाईपटू असतो, कधी पतियाळ्याहून एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंगचा डिप्लोमा करून आलेला, तर कधी दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला आधीचाच कोच. दीड-दोन महिन्यांच्या या सेवेबद्दलचं मत आधीच सांगतो : संघाची पकड सुधारायला ती उत्तम आहे, चढाईपटू घडवायला अपुरी. आणि मैदानाभोवती उभी राहणारी मुलं, माजी विद्यार्थी, गावकरी तिच्याकडून जे मागतात त्यातलं निम्मं तरी कोचच्या हातात नसतं.

सगळ्यात मोठी अडचण पावसाची. विद्यापीठाच्या वेळापत्रकात आंतरमहाविद्यालयीन कबड्डी बहुधा पावसाळ्याच्या शेपटाला येते. प्रवेश होऊन वर्ग सुरू होईस्तोवर जुलै उजाडतो. बाहेरचं मातीचं मैदान तेव्हा चिखल असतं, तांबड्या मातीवर रोलर फिरवायचा प्रश्नच नाही. खेड्यातली मुलं त्याच दिवसांत लावणीला जातात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या घेऊन सरावाला येतात. त्या पायांत बूट घालून मॅटवर वळायचं म्हणजे दुखणं. मग गणपती. निदान आठवडाभर हॉलमध्ये चिटपाखरू नसतं, आणि परतलेली मुलं जड होऊन येतात. कागदावरचे सहा आठवडे हातात पडेपर्यंत चार झालेले असतात.

गावच्या मंडळाचं चक्र याच्या उलट. भात कापून मळे मोकळे झाले की कोरडी, घट्ट जमीन तयार. संध्याकाळचा गारवा असतो आणि शिमग्यापर्यंत, पुढे मे महिन्यात चाकरमानी येईपर्यंत स्पर्धांची रांग लागलेली. तीच मुलं जानेवारीत मंडळाकडून खेळताना चपळ दिसतात आणि सप्टेंबरमध्ये कॉलेजकडून खेळताना सुस्त, तेव्हा लोक म्हणतात, मंडळाचा कोच भारी, कॉलेजचा बिनकामाचा. ही तुलना चुकीची आहे. एकाला कोकणातला सर्वात चांगला काळ मिळतो, दुसऱ्याला सर्वात वाईट.

म्हणून कोचचं नाव ठरवण्याआधी जागा ठरवा. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. एवढा हॉल बऱ्याच कॉलेजांकडे नसतो, आणि तिथेच पुष्कळ जण हात टेकतात. पकडीच्या सरावाला खरं तर अर्धं अंगण पुरतं : साडेसहा मीटर खोली, दहा मीटर रुंदी, आणि मध्यरेषेच्या अलीकडे चढाईपटूला धाव घ्यायला दीड-दोन मीटर. एक मीटर चौरसाचे एकमेकांत अडकणारे मॅटचे तुकडे घेतले तर अर्ध्या अंगणाला ७० लागतात, धावेची जागा धरून ९०. पावसाळ्यात त्यांच्याखाली ओल धरते, बुरशी येते, सांधे फुगून वर उचलले जातात आणि नेमकं तिथे बोट अडकून घोटा मुरगळतो. आठवड्यातून एकदा सगळे तुकडे उचलून उभे करून वाळवायचे, खालची फरशी पुसायची आणि दर वीस मिनिटांनी वरचा घाम कोरड्या फडक्याने टिपायचा. पहिल्या दिवशी मॅटचा कोपरा उचलून खाली बघणारा कोच मिळाला तर माणूस कामाचा आहे, असं समजायला हरकत नाही.

वेळ ठरवताना शेवटची एसटी बघा. सायंकाळी सहाला सराव ठेवला की तालुक्याबाहेरची मुलं गळतात, आणि चांगले कॉर्नर, म्हणजे टोकाला उभे राहून पकडणारे, बऱ्याचदा तिथलेच असतात. सकाळी पहिल्या तासाआधी दीड तास, नाहीतर दुपारी तीन ते पाच, यापलीकडे पर्याय नाही.

आता चार आठवड्यांत चांगला कोच खरोखर काय बदलू शकतो ते बघू. पकड. कॉलेजच्या मुलांना वैयक्तिक पकडी येत असतात. एखादा पट सुरेख काढतो, एखादा घोटा धरला की सोडत नाही. नसते ती साखळी. सात जणांत टोकाला दोन कॉर्नर, त्यांच्या शेजारी दोन इन, मग दोन कव्हर आणि मधोमध एक सेंटर. चढाईपटू कॉर्नरकडे झुकला की इनवाला घाईने कॉर्नरचा हात सोडून पुढे जातो आणि नेमकी तिथे फट पडते. यावर इलाज कंटाळवाणा आहे, पण हमखास लागू पडतो : पहिला आठवडा पकड करायचीच नाही. चढाईपटू निव्वळ इकडून तिकडे फिरणार आणि साती जण हात न सोडता त्याच्याबरोबर सरकणार. तीस सेकंदांची एक फेरी, दहा सेकंद विश्रांती, अशा वीस फेऱ्या. दुसऱ्या आठवड्यात फक्त कॉर्नरने हात घालायचा आणि बाकीच्यांनी झाकायचं. कव्हरची धडक तिसऱ्या आठवड्यात.

बोनसचा, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकून घेतलेल्या जादा गुणाचा, सराव यातच येतो. निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटर. म्हणजे बोनस रेषेमागे अंतिम रेषेपर्यंत फक्त १.७५ मीटर जागा उरते. बोनस घेताना चढाईपटूचा मागचा पाय हवेत असावा लागतो, तेवढा क्षण तो एका पायावर उभा असतो. कॉर्नरने हात घालायचा तो त्या क्षणी. मुलं बोनसचा पाय पडून गेल्यावर धावतात, तोवर तो दोन्ही पायांवर सावरलेला असतो, आणि पकडायला गेलेल्यासकट बोनसही जातो. मैदानात सहापेक्षा कमी बचावपटू असले तर बोनस नसतोच, हेसुद्धा दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. तिघे किंवा त्याहून कमी उरले की अव्वल पकडीचा जादा गुण मिळतो. तिघे उरले तर दोन कॉर्नर आणि एक कव्हर अशी रचना घोटून घ्यावी. घोटली नसेल तर तिघेही एकदम अंगावर जातात, आणि मिळायचे दोन गुण बाजूला राहून सगळा संघ बाद होऊन लोण बसतो.

शेवटची तीन मिनिटं ही दुसरी गोष्ट. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, प्रत्येक चढाई पूर्ण तीस सेकंद ताणली तर दोन्ही बाजू मिळून सहा चढाया, आपल्या वाट्याला तीन. पाच गुणांची आघाडी असेल तर दोन चढाया निदान रेषा ओलांडून रिकाम्या, म्हणजे गुण न घेता, परत आणायच्या. पण लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसरी निर्णायक ठरते, तीत गुण आला नाही तर चढाईपटू बाद. त्या तिसऱ्या चढाईला कोण जाणार हे आधी ठरलेलं हवं. प्रत्येक डावात तीस सेकंदांचे दोन टाइमआउट मिळतात. चांगला कोच एका टाइमआउटमध्ये एकच सूचना देतो. तीस सेकंदांत चार गोष्टी सांगणाऱ्याच्या संघाला मैदानात जाताना एकही आठवत नाही.

चढाईपटू मात्र या मुदतीत घडत नाही. डुबकी, हनुमान उडी, धावता हात या चढाईतल्या चालींची सवय लहानपणी अंगणात लागते आणि पुढे कित्येक वर्षं मुरते. कोच फार तर त्याची दिशा बदलेल, एकाच बाजूने जाण्याची खोड मोडेल, दम कुठे सुटतो ते दाखवेल. कॉलेजच्या संघात माणसंही टिकत नाहीत, पदवी झाली की मुलगा मुंबईला. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट १७ ते २५, पण कोकणात इतकी वर्षं शिकत राहणारा कबड्डीपटू विरळा. त्यामुळे यंदाचा संघ बराचसा आधीच्या कोचने घडवलेला असतो. तरवा एकाने पेरलेला, लावणी दुसऱ्याची. जिंकलो तर श्रेय नव्याला, हरलो तर आठवण जुन्याची, असा हिशोब आपल्याकडे सर्रास होतो, आणि तो दोघांवरही अन्याय आहे.

टीव्हीने अपेक्षा आणखी चढवल्या आहेत. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तिथले कोच रेषेबाहेरून ओरडताना दिसतात, आणि आपलाही तसाच हवा असं मुलांना वाटतं. पण त्याच लीगमधलं पुणेरी पलटणचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. बी. सी. रमेश यांच्या हाताखाली पलटणने दहाव्या हंगामाचं विजेतेपद मिळवलं, १ मार्च २०२४ ला. पुढच्या हंगामात रमेशच कोच होते. कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीने बाहेर गेला आणि संघ बाद फेरीतही पोचला नाही. मग कोच म्हणून अजय ठाकूर आले, पलटण २०२५ च्या अंतिम सामन्यात पोचली आणि दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. रमेश एका वर्षात विसरले काय आणि ठाकूर तीन गुणांनी नापास झाले काय? त्या दिल्लीचे तेव्हाचे कोच जोगिंदर नरवाल हे आठव्या हंगामात दिल्लीचेच विजेते कर्णधार होते. जुना खेळाडू उत्तम कोच होतो याचा तो सुंदर दाखला आहे. पण तिथे हाताशी पूर्ण वेळ, फिजिओ आणि निवडून घेतलेले खेळाडू असतात. चार आठवड्यांच्या मानधनावर तीच अपेक्षा ठेवता येणार नाही.

माजी कोचबद्दल थोडं स्पष्ट लिहायला हवं. सामन्याला ते येतात, यावंच. मुलांचा त्यांच्यावर जीव असतो. गोंधळ होतो तो त्यांनी बाहेरून सूचना दिल्या की. नव्या कोचने साखळी धरायला सांगितलेली, जुने सर रेषेबाहेरून ‘पुढे घे’ म्हणतात, आणि कॉर्नर दोघांकडे बघत राहतो. तेवढ्यात चढाईपटू हात मारून परत. शिवाय आपला चढाईपटू समोरच्या अंगणात असताना आपल्या संघाकडून त्याला सूचना गेली तर पंच प्रतिस्पर्ध्याला गुण देऊ शकतात. जुन्या सरांना संघाच्या बाकावर बसवलं असेल तर हा धोका खराच. त्यांचा उपयोग करून घ्यायची योग्य जागा वेगळी : हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्याकडून प्रत्येक मुलाची माहिती लेखी घ्या. कोणाचा कुठला गुडघा दुखावलेला, कोण उजवीकडूनच जातो, कोण दडपणाखाली दम सोडतो. ही एका पानाची माहिती नव्या कोचचा आठवडा वाचवते. बहुतेक कॉलेजांत ती कोणी मागतच नाही.

डिप्लोमावाला की गावचा जुना खेळाडू? डिप्लोमावाल्याचा सराव आखीव असतो, शरीर तापवणं आणि दुखापत यांची जाण असते. जुन्या खेळाडूचा शब्द मुलं पटकन मानतात, पण तो बहुधा मातीवर वाढलेला. मातीत पाय घसरतो, ढोपर सोलवटतं आणि दोन दिवसांत भरतं. मॅटवर बूट घट्ट रुततो, वरचं शरीर वळतं आणि गुडघ्याचा अस्थिबंध जातो. मातीवरची झटक्याची वळणं मॅटवर जशीच्या तशी शिकवणारा कोच मुलाचं वर्ष वाया घालवू शकतो. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न हा : मॅटवर किती काम केलं आहे?

वजनाबाबत सक्त राहा. वजनी गटात बसण्यासाठी आदल्या दिवशी पाणी तोडायला सांगणारा कोच तिथल्या तिथे थांबवावा. आपल्या दमट हवेत मध्यांतराआधीच पोटऱ्यांना वांब येतात आणि मुलगा आडवा पडतो. सरावाला बाटलीत साधं मीठ-साखरेचं पाणी ठेवा : एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. कोकम सरबत चवीला छान, पण साखर जास्त पडली की पोट जड होतं.

कामाचं मोजमाप चषकाने करू नका, वहीने करा. पहिल्या सराव सामन्यात किती पकडी केल्या आणि किती यशस्वी झाल्या, तिसऱ्या निर्णायक चढायांत किती गुण आले, शेवटच्या तीन मिनिटांत किती गमावले, एवढे तीन रकाने पुरे. स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात पुन्हा तेच मोजा. पहिल्या फेरीत तगडा संघ समोर आला म्हणून हरलेल्या कोचचं काम यात दिसतं, आणि दुबळ्या गटामुळे उपांत्य फेरी गाठलेल्याचं उघडं पडतं.

या सेवेला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण मुदतीसाठी कापला, एक कॉलेजांच्या घाईसाठी. जुलैच्या शेवटी फोन करून ऑगस्टमध्ये कोच मागवण्याऐवजी फेब्रुवारीत ठरवा. तेव्हा माती कोरडी असते, मुलं मंडळाकडून खेळत असतात, आणि कोच मैदानाबाहेर उभा राहून पुढच्या वर्षी राहणारी मुलं बघू शकतो. मानधन दिवसावर न ठेवता हंगामावर ठेवा, गणपतीची सुट्टी त्यात धरा, प्रवास आणि जेवण वेगळं लिहा. निम्मी रक्कम पहिल्या आठवड्यानंतर, उरलेली शेवटच्या सामन्यानंतर, हरले तरी ठरलेल्या दिवशी. आणि निदान दोन वर्षांचं बोलून घ्या, कारण पहिल्या वर्षी घोटलेली साखळी दुसऱ्या वर्षीच्या पावसात, नव्या मुलांना हाताला धरून, जुनी मुलंच शिकवतात.