अनुदानातली कबड्डी मॅट: घेताना वजन करा, घेतल्यावर कोरडी ठेवा

कबड्डीची ईव्हीए मॅट म्हणजे कडेला दाते असलेले, १ मीटर बाय १ मीटरचे फोमचे तुकडे एकमेकांत अडकवून तयार होणारं मैदान. बहुतेक मंडळांकडे ती सार्वजनिक अनुदानातून येते आणि अंथरण्या-उचलण्याचं काम कार्यकर्ते करतात. त्यामुळे दरपत्रकाच्या मागणीत काय लिहिलं होतं आणि खोलीत ठेवताना कुणी लक्ष दिलं, यावर तिचं आयुष्य ठरतं.

खेळायला मॅट चांगलीच. पकडीत तीन-चार जण एकावर एक पडले तरी कोपर-गुडघे सोलवटत नाहीत. पण मातीवर पाय थोडा सरकतो, मॅटवर बूट जागीच रुततो आणि वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मातीवरून मॅटवर येणाऱ्या मुलांना सुरुवातीचे काही आठवडे वेगाने वळण्याचे सराव देऊ नयेत, आणि अनवाणी खेळू देऊ नये.

खरेदीत सर्वांत जास्त फसवणूक घनतेत होते. जाडी डोळ्यांना दिसते, घनता दिसत नाही. कमीत कमी दराला काम द्यायचं बंधन असलं आणि मागणीत फक्त ‘३० मिमी कबड्डी मॅट’ एवढंच लिहिलेलं असलं, तर सर्वांत हलका फोम येणार हे ठरलेलं. मागणीत दर घनमीटरला १०० किलो घनता स्पष्ट लिहा आणि माल आल्यावर तराजू लावा. हिशोब सोपा आहे: १ मीटर बाय १ मीटर बाय ३० मिमीचा तुकडा म्हणजे ०.०३ घनमीटर, म्हणून वजन ३ किलोच्या आसपास भरायला हवं. २ किलो ४०० ग्रॅम भरलं तर घनता ८० आहे. अशा मॅटवर मध्यरेषेजवळचा भाग, जिथे सगळ्यात जास्त पाय पडतात, आधी चेपतो आणि मग तिथेच दाते सुटू लागतात. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले निदान दहा तुकडे मोजावेत. वरचा एकच मोजून पावतीवर सही करणं म्हणजे लोकांच्या पैशाबाबत निष्काळजीपणा.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० तुकडे. तेवढेच घेतले तर खेळाडू रेषेबाहेर फरशीवर आपटतात. चारही बाजूंनी एकेक मीटर वाढवलं की १८० तुकडे होतात, दोन मीटर वाढवलं की २३८. जागा असेल तर २३८ घ्या. सुटे म्हणून आणखी पाच टक्के त्याच मागणीत मागून घ्या, कारण नंतर मागवलेल्या तुकड्यांचे दाते जुन्यांशी जुळतीलच असं नाही. अनुदान एकदाच मिळतं, मात्र दाते दर वर्षी तुटतात.

आता खालची जमीन. अनुदान मॅटला मिळतं, कोब्याला क्वचितच. आणि मॅट जी खराब होते ती खालून. ३ मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवून पाहा. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तो खड्डा आधी भरा, नाहीतर त्या जागी जोड उघडतो आणि चढाईपटूच्या बुटाचं टोक त्यात अडकतं. ओल असलेल्या कोब्यावर मॅट कायमची पसरून ठेवू नका. खाली बुरशी धरते आणि वरून काही कळत नाही. इथे श्रमदान खरोखर उपयोगी पडतं. काही योजनांत श्रमदानाचे तास मंडळाचा हिस्सा म्हणून धरले जातात. तारीख, नाव, किती तास आणि सही एवढी नोंद रोजच्या रोज ठेवली तरच. महिनाभराने आठवून भरलेली वही तपासणीत टिकत नाही.

अंथरताना भिंतीपासून सुरुवात करू नये, भिंती काटकोनात नसतात. मध्ये दोरा ताणून खडूची रेष मारा, कोपरा ३-४-५ च्या मापाने (एका बाजूला ३ मीटर, दुसरीला ४, तर तिरपं अंतर ५) काटकोनात आणा आणि मैदान पूर्ण झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. १३ बाय १० ला कर्ण १६.४० मीटर यायला हवा. भिंतीशी बोटभर फट सोडा. उष्णतेने फोम फुगतो आणि जागा नसली की मधला भाग पोळीसारखा वर येतो.

रेषांचा प्रश्न आधीच सोडवा. राखीव क्षेत्र (दोन्ही बाजूंची लॉबी) १ मीटरचं, म्हणजे बरोबर एक ओळ, तिथे वेगळ्या रंगाचे तुकडे घेतले की काम झालं. पण अंतिम रेषा (मैदानाची मागची हद्द) जोडावर धरली की मध्यरेषा ६.५ मीटरवर, म्हणजे सातव्या ओळीच्या मधोमध येते. निदान रेषा (चढाईपटूला ओलांडावी लागते ती) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापुढे, अंतिम रेषेकडे १ मीटरवर, त्याही जोडावर येत नाहीत. रेषा रंगवल्या तर प्रत्येक तुकडा पुन्हा त्याच जागी बसायला हवा, म्हणून मागच्या बाजूला ओळ आणि क्रमांक (क-७ असा) पक्क्या शाईने लिहा. चिकटपट्टी सोयीची वाटते, पण तिचा गोंद राहतो, त्यावर धूळ बसते आणि रेषेवरच पाय घसरतो.

मॅट उचलणं हेच कार्यकर्त्यांचं खरं काम. १८० तुकडे ३ किलोंनी धरले तरी ५४० किलो होतात. कडेच्या ओळीपासून, जोडावर दोन्ही हात ठेवून सोडवत यावं. एका कोपऱ्याला धरून ओढलं की दाता मुळातून फाटतो. खोलीत आडवेच रचा, एका थप्पीत वीसपेक्षा जास्त नकोत. उभे टेकवून ठेवलेले तुकडे वाकतात आणि पुन्हा सपाट बसत नाहीत. १८० तुकड्यांच्या नऊ थप्प्या होतात, त्यांना नऊ चौरस मीटर आणि वर चालायला जागा लागते. शिवाय दार. ९० सेंटिमीटरच्या दारातून मीटरभर रुंद तुकडा आडवा जात नाही. दरवेळी तो तिरपा करून नेताना दाते चौकटीला घासतात. खोलीचं दार सव्वा मीटर रुंद ठेवा, ही सूचना आराखड्यातच जायला हवी.

सफाईला रोज कोरडा मॉप आणि आठवड्याला सौम्य साबणाचं पाणी पुरतं, नंतर पूर्ण वाळवायचं. थिनर, ॲसिड अजिबात नको. उन्हात वाळवायला टाकू नका, फोम आकसतो आणि कडक होतो. समारंभासाठी मॅटवर खुर्च्या मांडू देऊ नका. पायांचे खळगे भरून येत नाहीत.

बंद सभागृहात मॅट कायम राहणार असेल तर ४० मिमी घ्या. रोज उचलायची असेल तर ३० मिमी, पण घनता १००. कोरडी खोली आणि दर आठवड्याला येणारी सात-आठ माणसं नसतील, तर अर्ज खोलीसाठी आधी करा, मॅटसाठी नंतर. तोवर मातीचं मैदान उत्तम चालतं. मॅट आलीच तर जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) एकूण संख्येबरोबर सुटे तुकडे वेगळे लिहा, नाहीतर तुटलेला बदलल्यावर पुढच्या तपासणीत आकडा जुळत नाही.