पुढच्या दाराने या : केंट हॅरफ यांची 'अवर सोल्स अ‍ॅट नाइट'

अ‍ॅडी मूर सत्तरीच्या घरातली. नवरा गेलेला, मुलगा दूरच्या गावी. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ती आपल्याच सीडर स्ट्रीटवर राहणाऱ्या लुइस वॉटर्सच्या दारी जाते आणि विचारते, अधूनमधून माझ्याकडे झोपायला याल का? शरीरसंबंधाचा विषय नाही, हेही तिथल्या तिथे सांगून टाकते. रात्र सरत नाही, अंधारात शेजारी पडून कुणाशी तरी बोलावं, एवढंच. लुइसही विधुर, गावातल्या हायस्कुलातून निवृत्त झालेला इंग्रजीचा मास्तर. विचार करून सांगतो म्हणतो. या जातीच्या बाकी कादंबऱ्यांना जिथे पोचायला दोनशे पानं लागतात, तिथून ही सुरू होते.

'उतारवयातलं प्रेम' असा शिक्का मारून जे विकलं जातं ते मी हौसेने वाचते. नोकरी संपली, हे गेले, मुलगा बंगळुरात. वाचायला वेळच वेळ. पण त्यातलं बरंचसं वाचून चिडचिड होते. नायिका बासष्टची, पण तिचा गुडघा एकदाही दुखत नाही. समुद्राकाठी बंगली असते, कॉलेजातला जुना मित्र नेमका शेजारी राहायला येतो आणि शेवटी मुलं-सुना टाळ्या वाजवतात. रक्तदाबाची गोळी कुणी घेत नाही. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, हे कुणी विचारत नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर असं काही घडलं तर पहिला प्रश्न तोच येईल!

अमेरिकन कादंबरीकार हॅरफ यांना हे सगळं ठाऊक आहे. कोलोरॅडोच्या पूर्वेकडच्या सपाट मुलखात त्यांनी 'होल्ट' नावाचं एक काल्पनिक गाव वसवलं आणि आपल्या सगळ्या कादंबऱ्या तिथेच घडवल्या. गाव इतकं लहान, की रात्री कुणाच्या घरी दिवा किती वाजता मालवला, हे सकाळी बेकरीत कळतं. पहिल्या रात्री लुइस केस कापून, नखं काढून, अंघोळ करून निघतो, पायजमा आणि दात घासायचा ब्रश कागदी पिशवीत घालून. जातो मात्र मागच्या गल्लीतून, मागच्या दाराने. अ‍ॅडी त्याला सांगते, यापुढे पुढच्या दाराने या. लोक काय म्हणतील याची काळजी आयुष्यभर केली, आता पुरे. हे ती भाषण ठोकून सांगत नाही, दार लावता लावता सांगावं तसं सांगते. मी तिथे पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला.

मग रात्री सुरू होतात, आणि पुस्तकाचा खरा ऐवज तिथे आहे. ती वाइन पिते, त्याच्यासाठी बिअर आणून ठेवते. अंधारात दोघं आपापल्या पहिल्या संसाराचा हिशोब एकमेकांपुढे मांडतात. अ‍ॅडीची मुलगी लहानपणीच गाडीखाली गेली आणि त्यानंतर नवरा-बायको एका घरात राहूनही एकमेकांना सापडले नाहीत. लुइस एकदा शाळेतल्या एका शिक्षिकेसाठी घर सोडून गेला होता, मग परत आला. हे सगळं घडून कित्येक वर्षं झालीत, कुणी रडत नाही, कुणी कुणाला माफ करत नाही. दुसरा ऐकून घेतो, मध्येच एखादा प्रश्न विचारतो. दुसरी संधी म्हणजे नवं प्रेम, असं आपण धरून चालतो. इथे दुसरी संधी म्हणजे पहिलं आयुष्य अखेर कुणाला तरी नीट सांगता येणं. हे गेल्यावर मला सगळ्यात जास्त काय खुपलं असेल, तर मेथीची जुडी केवढ्याला मिळाली आणि जिन्यात कोण भेटलं, हे सांगायला घरात माणूस नाही. मोठी दुःखं ऐकायला बहीण येते, भाचे फोन करतात. फालतू गोष्टी ऐकणारं माणूस एकच असतं.

मधल्या भागात नातू येतो, सहा वर्षांचा जेमी. त्याच्या आईवडिलांचं बिनसलंय आणि बापाचा धंदाही बुडत आलाय, म्हणून उन्हाळ्यापुरता आजीकडे. लुइस त्याला उंदराची नुकती जन्मलेली पिल्लं दाखवतो, प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्री आणून देतो. रात्री घाबरलेलं पोर दोघांच्या मध्ये येऊन झोपतं. इथे पुस्तक थोडं गोडसर होतं, हे कबूल. शिवाय लुइस इतका समजूतदार आहे, की एकदा तरी याने दूध उतू घालवावं असं वाटत राहतं.

पुढचं वाचायचं नसेल तर इथून दोन परिच्छेद सोडा.

अ‍ॅडीचा मुलगा जीन हे नातं मोडायला बसतो आणि हत्यार म्हणून जेमीला वापरतो. लुइसला सोड, नाहीतर नातवाशी बोलायलाही मिळणार नाही. आणि अ‍ॅडी हार मानते. पुढच्या दाराने या म्हणणारी हीच बाई! मी रागावले. अजूनही आहे. पण हे खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. गाव काय म्हणेल याला सत्तरीत भीक न घालणं जमतं, पण नातवाचा फोन बंद झाला तर काय करायचं? याच प्रश्नाला कोलंबियन लेखक मार्केझ यांच्या 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा' या कादंबरीतली बहात्तर वर्षांची फर्मिना नेमकं उलटं उत्तर देते. तिची लेक ओफेलिया म्हणते, या वयात प्रेम म्हणजे किळसवाणं. फर्मिना तिला घराबाहेर काढते आणि पुढे फ्लोरेंतिनोबरोबर नदीवरच्या बोटीत चढते. एक्कावन्न वर्षं, नऊ महिने, चार दिवस थांबलेला प्रियकर. एवढ्या वाट पाहण्याला असा दणदणीत शेवट हवाच. पण त्या फ्लोरेंतिनोचे मधल्या काळातले सहाशेबावीस संबंध, आणि त्यात आपल्याच ताब्यात सोपवलेली एक चौदा वर्षांची मुलगी, हे वाचल्यावर बोटीतलं प्रेम माझ्या गळी उतरत नाही. त्याच्यापुढे लुइसची कागदी पिशवी मला कितीतरी मोलाची वाटते.

जीनला मात्र लेखकाने न्याय दिलेला नाही. बहीण डोळ्यांदेखत गेली, बाप तुटला, असा हा पोरगा. त्याच्या डोक्यात काय चाललंय याची एक रात्र तरी द्यायला हवी होती. तो फक्त आडवा येतो. आपल्याकडे अशा मुलांच्या मनात घर, जमीन, दागिने असतात आणि आईच्या मनात पेन्शन. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन विधवेने पुन्हा लग्न केलं की सहसा थांबतं, त्यामुळे इकडच्या कित्येक जोड्या लग्नाच्या वाटेलाच जात नाहीत. पुण्यात ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ निघालं, ते काही उगाच नाही. यावर मराठीत कुणीतरी कादंबरी लिहावी, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासकट.

हे पुस्तक हॅरफ यांनी शेवटच्या आजारपणात, साधारण दीड महिन्यात लिहून काढलं. ३० नोव्हेंबर २०१४ रोजी ते गेले आणि पुस्तक २०१५ मध्ये आलं. घाई कुठे जाणवत नाही, पण प्रकरणं दोन-चार पानांचीच आहेत. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. पहिली दहा पानं कोण बोलतंय हे बोटाने शोधावं लागतं, मग सवय होते. इंग्रजी इतकं सोपं, की मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्यासारखीला शब्दकोश फारसा लागला नाही. एकूण पानं पावणेदोनशेच्या आसपास. फोनवर अक्षर मोठं करून वाचलं तर डोळ्यांना बरं. छापील प्रत मी मागवली ती मैत्रिणींत फिरवायला, आणि ती सध्या कुणाकडे आहे याचा पत्ता नाही.

२०१७ चा चित्रपटही आहे, नेटफ्लिक्सवर, आपल्या मुंबईच्या रितेश बत्रांनी दिग्दर्शित केलेला. रॉबर्ट रेडफर्ड आणि जेन फोंडा दोघंही उत्तम, पण दोघंही फार देखणी. होल्टसारख्या गावात असं जोडपं रस्त्याने चाललं तर लोक कुजबुजणार नाहीत, सही मागतील. म्हणून आधी पुस्तक वाचा. आणि मुलाला किंवा सुनेला द्यायचं असेल तर चित्रपटापेक्षा पुस्तकच द्या, जीनची पानं दुमडून.