फ्रान्स सोडून परत येताय? मग डिपॉझिटचं हे वाचून मगच निघा

फ्रान्सला शिकायला किंवा वर्षभराच्या कामाला गेलेल्यांनी, त्यातही ज्यांची आता परतीची तिकिटं काढून झालीत त्यांनी, हे जरा नीट वाचा. जाताना आपल्याला सगळे सांगतात की मेट्रोत पाकीट सांभाळ, अमुक कर, तमुक करू नको. परत येताना कोणी काही सांगत नाही. आणि मला ज्याने गंडवलं तो काही रस्त्यावरचा भामटा नव्हता, वर्षभर माझ्याशी अतिशय गोड वागलेला माझा घरमालक होता, प्रालीनची लाल टार्ट घेऊन दारात यायचा, आईशी व्हिडिओ कॉलवर "नमस्ते" करायचा.

मी लियोंला लागून असलेल्या व्हिलर्बानला राहायचे, ला दुआ कॅम्पसजवळ, छोटा फर्निश्ड स्टुडिओ. भाडं ५९० युरो, डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे ११८०. फर्निश्ड घराला दोन महिन्यांपर्यंत डिपॉझिट घेता येतं, रिकाम्या घराला एकाच महिन्याचं, त्यामुळे इथवर सगळं कायद्यात बसणारं. आपल्या हिशोबात लाखाच्या वर रक्कम झाली ही. नोटीसही नियमाने दिली होती, फर्निश्डला एक महिना पुरतो, पण ती रजिस्टर्ड पत्राने द्यायची, तिकडे लेत्र रेकोमांदे म्हणतात, आणि महिना मोजायचा तो पत्र मालकाला मिळाल्या दिवसापासून, आपण पोस्टात टाकलं तेव्हापासून नाही.

आता खरी गंमत. घर सोडताना मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून घराची तपासणी करायची असते, एता दे लिय. आत येताना एक झालेली असते, जाताना दुसरी, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक असेल तेवढेच पैसे कापता येतात. मी त्याला निघायच्या आठवडाभर आधीची वेळ मागितली होती. आधी म्हणाला हो, मग मेसेज की बायकोची तब्येत बरी नाही, मग मेसेज की गाडी गॅरेजला आहे, असं करत करत शेवटी वेळ दिली ती कुठली, तर माझ्या फ्लाइटच्या दिवशी दुपारची! संध्याकाळी सेंट एक्झुपेरी एअरपोर्टवरून विमान, खाली दोन मैत्रिणी माझ्या बॅगा राखत उभ्या, आदल्या रात्री ऱ्होनच्या काठावर निरोपाची पार्टी झालेली त्यामुळे झोप नाही, सकाळी बेकरीतल्या काकूंनी दोन क्रुआसाँ फुकट दिले आणि "बॉन कॉंतिन्युआसिऑं" म्हणाल्या तर मला रडायलाच आलं होतं. अशा अवस्थेत माणूस कागद काय वाचणार, आणि त्याला नेमकं हेच हवं असतं.

घर मी आरशासारखं केलं होतं हो. तिकडच्या पाण्याला क्षार खूप, शॉवरच्या काचेवर पांढरे डाग धरतात, आणि घरमालकांचं पैसे कापायचं ते सगळ्यात आवडतं कारण आहे, म्हणून पांढरं व्हिनेगर ओतून ओतून जुन्या टूथब्रशने नळाच्या बुडातून घासलं होतं. घरमालकाने काचेवर बोट फिरवलं, बोट बघितलं, "पार्फे", म्हणजे एकदम उत्तम, म्हणाला. खोलीभर नजर टाकली, सगळ्या ओळींपुढे "चांगली स्थिती"वर टिक केली, शेऱ्यांचा रकाना रिकामा ठेवला. शेवटच्या पानावर माझ्याकडून हाताने "लू ए आप्रूव्हे" लिहून घेतलं, म्हणजे वाचलं आणि मान्य आहे, ही तिकडची जुनी सवय, खाली सही. कॉपी मागितली तर म्हणे प्रिंटर घरी आहे, ईमेल करतो. मला ते काही पटलं नाही, मी तिथेच उभ्या उभ्या प्रत्येक पानाचा फोटो काढला. तो हसला, म्हणाला, तुम्ही भारतीय लोक फार पद्धतशीर. मिठी मारली, किल्ल्या घेतल्या, मी पळाले.

ईमेल आला मी घरी पोचून बरेच दिवस झाल्यावर. कागद तोच, सही माझीच, पण शेऱ्यांचा रकाना भरलेला!! भिंतीवर ओरखडे, रंगकाम ४२० युरो, सोबत पेंटरचं कोटेशन. शॉवरला क्षार, सफाई १४०. गादीवर डाग २६०. बिल्डिंगच्या दाराचा बॅज परत दिला नाही, ८०. एकूण ९०० कापणार आणि उरलेले २८० "लवकरच". बॅज मी त्याच्या तळहातावर ठेवला होता. आणि भिंतीवरचा ओरखडा तर माझ्या आत येतानाच्या कागदावर त्याच्याच अक्षरात लिहिलेला आहे, पलंगाच्या डोक्याशी, डावीकडे.

डोकं सटकलं, पण तेव्हाच एक आठवलं. माझ्या लेटरबॉक्समध्ये माझ्या आधीच्या भाडेकरूची पत्रं वर्षभर येत होती, एक कोलंबियन मुलगी, तिला मी ती फोटो काढून पाठवायचे त्यामुळे नंबर होता. तिला विचारलं की तुझं डिपॉझिट मिळालं का गं. तिने तिला आलेलं रंगकामाचं कोटेशन पाठवलं. ४२० युरो. तोच पेंटर, तीच वाक्यं, खालचा कोटेशन नंबरसुद्धा तोच, फक्त तारीख वेगळी. म्हणजे ती भिंत दर वर्षी कागदावरच रंगते. आणि यात मेख अशी आहे की कापलेल्या पैशाला कारण आणि पुरावा दाखवावा लागतो खरा, पण पुरावा म्हणून नुसतं कोटेशनही चालून जातं, काम करून घेतलंच पाहिजे असं नाही. परत जाणारा माणूस भांडायला येणार नाही एवढ्या एका भरवशावर हा धंदा चालतो.

तर आता कायदा काय म्हणतो ते सांगते, मला हे सगळं नंतर खोदून काढावं लागलं. ६ जुलै १९८९ चा भाड्याचा कायदा आहे. दोन्ही तपासण्या जुळत असतील तर किल्ल्या दिल्यापासून एका महिन्यात डिपॉझिट परत, फरक असेल तर दोन महिन्यांत. उशीर झाला तर दर महिन्याला मूळ भाड्याच्या १०% जास्तीचे द्यावे लागतात, पण (हे महत्त्वाचं) तुम्ही तुमचा नवा पत्ता कळवला नसेल आणि त्यामुळे उशीर झाला असेल तर ती वाढ मिळत नाही, म्हणून भारतातला पूर्ण पत्ता पिनकोडसकट त्या तपासणीच्या कागदावरच लिहा. रोजच्या वापराने जी झीज होते, रंग फिका पडणं, गादी थोडी बसणं, ती भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. आणि दावा करायला तीन वर्षं मिळतात, म्हणजे भारतात पोचलो की संपलं असं अजिबात नाही.

मला आदिल नावाच्या संस्थेचा खूप उपयोग झाला, घरभाड्याबद्दल फुकट कायदेशीर सल्ला देतात, जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहे, फोनवर बोलतात, फ्रेंच मोडकंतोडकं असलं तरी ऐकून घेतात. त्यांनी सांगितलं की आधी मिझ आं दमर पाठव, म्हणजे आपली कायदेशीर नोटीस, कायद्याचं नाव घालून, मुदत देऊन. ती रजिस्टर्ड पत्राने पाठवायला फ्रान्समध्ये असावं लागत नाही, ला पोस्त, म्हणजे तिकडच्या पोस्टाच्या साईटवर पत्र अपलोड करायचं, कार्डने पैसे भरायचे, ते तिकडे छापून पोचवतात. मी सांगलीत घरी बसून पाठवलं, सोबत माझे रिकाम्या रकान्याचे फोटो आणि दोन्ही कोटेशनं शेजारी शेजारी.

आधी साहेबांनी नवीनच काढलं की भारताला आयबॅन (युरोपात वापरतात तो आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक) नाही म्हणून पैसे पाठवता येत नाहीत. माझं फ्रेंच खातं चालूच होतं, त्याचा आयबॅन परत पाठवला. मग एक दिवस खात्यात ७६० युरो येऊन पडले, ना पत्र ना खुलासा. म्हणजे सफाई, गादी, बॅज सगळं गुपचूप सोडून दिलं आणि रंगाचे ४२० तेवढे दाबून ठेवले, बहुतेक वाटलं असेल की पोरगी आता गप्प बसेल. १०% बद्दल तर चकार शब्द नाही.

निघताय त्यांनी काय करायचं ते ऐका. तपासणीची वेळ फ्लाइटच्या किमान दोन-तीन दिवस आधीची घ्या, आणि मालक टाळाटाळ करायला लागला तर त्याला लेखी कळवा की कोमिसेर द जुस्तिसला बोलावते (अधिकृत पंचनामा करणारा कायद्याचा अधिकारी, पूर्वी ज्यांना हुइसिए म्हणायचे ते). खर्च दोघांत अर्धा अर्धा होतो, नुसतं नाव काढलं तरी बऱ्याच जणांची गाडी गॅरेजमधून बाहेर येते. शेऱ्यांच्या रिकाम्या रकान्यात पेनाने आडवी रेघ मारा, वरपासून खालपर्यंत. टॅबलेटवर सही घेत असतील तर समोरच ईमेल यायला लावा. किल्ल्या किती दिल्या, बॅज दिला, हे आकड्यात लिहून घ्या आणि घराचा तारखेसकट व्हिडिओ काढा, ओव्हनच्या आतूनसुद्धा. बँक खातं डिपॉझिट येईपर्यंत बंद करू नका, महिन्याला थोडे पैसे जातात, जाऊ देत. इंटरनेटचा बॉक्स परत केल्याची पावती, वीज बंद केल्याचा ईमेल, काफला (घरभाड्याला मदत देणारं सरकारी ऑफिस) घर सोडल्याचं कळवलेलं, हे पण जपून ठेवा, नाहीतर तीही बिलं मागून येतात. आणि फर्निचर ऑनलाइन विकताना कोणी म्हणालं की कुरियरवाला येईल, तुम्ही फक्त या लिंकवर कार्ड नंबर टाका म्हणजे पैसे जमा होतील, तर सरळ ब्लॉक करा, त्या शेवटच्या आठवड्यात असले मेसेज मला पण आले होते.

माझं उरलेलं प्रकरण आता जिल्ह्याच्या कॉन्सिलिएशन कमिशनकडे, म्हणजे मालक-भाडेकरूंत समेट घडवणाऱ्या मंडळाकडे दिलंय, त्याला फी लागत नाही, तिथे नाही जमलं तर कोर्ट आहेच. त्या कोलंबियन मुलीची तीन वर्षंही अजून संपलेली नाहीत, माझं पत्र तिला नमुना म्हणून दिलं होतं, गेल्या आठवड्यात तिने पण बोगोटाहून टाकलंय.