५० एमएम एफ १.८: ब्लर झकास, पण दिवे सप्तकोनी

कॅमेऱ्याची ही ५० एमएम लेन्स अखेर सर्व्हिस सेंटरमधून सुटून आली, म्हणून लिहायला बसलो. ऑटोफोकस कर्रकर्र करत अडकायचा. काउंटरवरच्या पोरानं उलटीपालटी करून पाहिली, "आत धूळ गेलीय, वॉरंटीत बसत नाही" म्हणाला आणि असा आकडा लिहून दिला की थोडी भर घातली तर नवीच येईल. बिल पुढे केलं, आवाज चढवला, तेव्हा कुठे फुकटात काम झालं. तोवर दिवाळी कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवरच गेली.

आता लेन्सबद्दल. एफचा आकडा जितका लहान तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, मोठं. किट लेन्सला ५५ एमएमवर एफ ५.६ मिळतो, हिच्या १.८ ला जवळपास दहापट उजेड. रात्री इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे खाऊगल्लीत, गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) ठेल्यासमोर ते लगेच कळतं. फ्लॅश नको, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) फार चढवायला नको आणि मागची गर्दी पार विरघळते. अगदी जवळून घेतलं तर जेमतेम अर्धा सेंटीमीटर शार्प येतं: एका फोडीवरचा मसाला कण न् कण मोजावा असा, शेजारची फोड पुसट. मला आवडतं. बायको म्हणते, "हललाय फोटो."

पण डोकं फिरवलं ते दिव्यांनी. अनंत चतुर्दशीला झाँक्या (मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे) बघायला आत्या आणि भाची सोबत होत्या. क्रॉप (म्हणजे छोट्या) सेन्सरवर मीटरभर अंतरावरून १.८ ला तीन सेंटीमीटरही खोली, म्हणजे शार्प येणारा पट्टा, मिळत नाही. आत्याचे डोळे लख्ख, अर्धं पाऊल मागे उभी असलेली भाची धुक्यात. अ‍ॅपर्चर बंद करत गेलं तर दोघी शार्प व्हायला लागतात, पण मागच्या रोषणाईला कोपरे फुटतात. २.८ ला जाणवतात, ४ ला तर सात कोन मोजून घ्या! अ‍ॅपर्चरची पाती सातच, त्यात कडा सरळ. एवढे पैसे मोजून झाँकीमागे नटबोल्ट लटकवायचे? गोलसर पाती द्यायला काय जात होतं? आणि हो, बॉक्समध्ये हूडसुद्धा (लेन्सपुढे लावायची सावलीची कड) नाही.

इथवर दोनच स्टार देणार होतो. पण राजवाड्यासमोर मोकळी जागा मिळाली तेव्हा अ‍ॅपर्चर १.८ वरच ठेवून मागे सरकत गेलो. अंतर दुप्पट केलं की खोली चौपट होते. दोन मीटरवर अकरा सेंटीमीटरच्या आसपास. दोघींचे चेहरे शार्प, मधले दिवे अगदी गोल, फक्त फ्रेमच्या कडेचे जरा लिंबाच्या फोडीसारखे. फोटो नंतर थोडा कापावा लागतो, चालतंय. सराफ्यात मात्र ही युक्ती विसरा. तिथे पाऊल मागे टाकलं की कुणाच्या तरी भुट्ट्याच्या किसात.

तर चार स्टार. सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच जवळ-लांब फोकस करून कान लावून ऐका. कर्र आवाज आला की पैसे खिशातच ठेवा.