सेमाडोहजवळचा होमस्टे, तिथलं पुस्तकांचं कपाट अन् नोंदवही

परतवाड्याहून घटांगवरून धारणी रोडनं निघालं की मेळघाटातलं सेमाडोह लागते, तिथून जवळच एका कोरकू आदिवासी कुटुंबाचा हा होमस्टे आहे. खोल्या साध्या पण स्वच्छ, नेटवर्क नाही, जेवणात भाकर-वरण-ठेचा अन् आधी सांगितलं तर कुटकीचा (बारीक भरडधान्य) भात भेटते. राहण्याचं एवढंच, मला लिहायचंय ते ओसरीतल्या कपाटाबद्दल.

कपाटात मारुती चितमपल्लींची बरीच पुस्तकं आहेत (2025 ला पद्मश्री मिळाली अन् त्याच वर्षी ते गेले, विदर्भातलं जंगल मराठीत वाचायचं तर अजूनही सुरुवात त्यांच्यापासूनच करावी), सलीम अलींच्या पक्ष्यांच्या पुस्तकाची एक जुनी इंग्रजी आवृत्ती आहे, झाडांवरचीही दोन-तीन आहेत. पण खरा माल म्हणजे खालच्या कप्प्यातली वही. किराणा दुकानात उधारीची असते तशी लाल जाड वही, त्यात तारीख, वेळ, जागा अन् काय दिसलं ते लिहिलेलं, काही पाहुण्यांनी, काही घरच्या दादांनी, काही गुरं चारणाऱ्या पोरांनी सांगितलेलं. मोह कधी गळायला लागला, सागाच्या पानांची अळीनं जाळी कधी केली, उन्हाळ्यात सिपना नदीच्या कोणत्या डोहात पाणी टिकलं अन् तिथं मासेमार घुबड कोणत्या जांभळावर बसते, सगळं आहे.

एक नोंद तर मी परत परत वाचली. फेब्रुवारी, सकाळी नऊ, पानं गळालेल्या सागावर रानपिंगळा (जंगलातलं लहान घुबड), "डोक्यावर ठिपके नाहीत, शेपटी डावी-उजवी हलवत होता". बरोबर ओळखला आहे, आपल्या गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात अन् हा दिवसाउजेडी फिरते. 1884 नंतर याचा पक्का पुरावाच नव्हता, संपला असंच धरून चालले होते, मग 1997 ला शहाद्याजवळ परत सापडला अन् नंतर आपल्या मेळघाटातही. त्याआधी छापलेल्या पुस्तकात याचा इथला पत्ता कुठून भेटणार, वहीत मात्र झाडासकट आहे!

तक्रार एकच, पावसाळ्याची पानं जवळजवळ कोरी आहेत. तेव्हा पाहुणे येत नाहीत हे खरं, पण सागाला फुलोरा तेव्हाच येते, सिपना तेव्हाच दुथडी भरून तापीकडं धावते, मग ते कोण लिहिणार? दादांना म्हटलं तुम्हीच रोज दोन ओळी लिहा, हो म्हणाले. जुन्या पानांवर ओल धरली आहे, मोबाईलवर फोटो काढून ठेवायलाच पाहिजेत.

दुर्बीण आपली न्या, तिथलीच्या एका काचेला बुरशी आहे. अन् वहीत लिहाल तर बॉलपेननं लिहा, जेलपेनची शाई पसरते, आणि नुसतं "नदीजवळ दिसला" लिहू नका, कोणता नाला, कोणतं झाड ते टाका.