जर्मनीत जोडीदाराकडे जाताना : पती पोर्तुगीज नागरिक की जर्मन?

पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोवेकर बर्लिनमध्ये नोकरी करत असेल, तर त्याच्या भारतीय पत्नीला युरोपीय संघाच्या 2004 च्या मुक्त संचार निर्देशानुसार प्रवेशाचा व्हिसा विनाशुल्क मिळतो, भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत, सर्वसाधारणपणे पाच वर्षांचे, निवासपत्र हाती पडायला हवे. पती जर्मन नागरिक असेल, तर मात्र सहसा देशांतर्गत कायदा लागू होतो आणि काही अपवाद वगळता व्हिसाच्या अर्जासोबतच ए-1 (अगदी प्राथमिक) पातळीचे जर्मन येत असल्याचा दाखला जोडावा लागतो. घरच्याच नागरिकाच्या बायकोला जास्त अडथळे, हा उफराटा न्यायच म्हणायचा.

तरीही पोर्तुगीज पासपोर्टच सरस, असे सरसकट म्हणता येत नाही. पोर्तुगीज नागरिकाच्या बाबतीत पत्नीचा हक्क पतीच्या नोकरीधंद्यावर, किंवा ते नसल्यास पुरेशा उत्पन्नावर व आरोग्यविम्यावर, उभा असतो. जर्मन नागरिकाच्या पत्नीला उत्पन्नाची अट सहसा घातली जात नाही. शिवाय बी-1 (मध्यम) पातळीचे जर्मन आल्यास तिला तीन वर्षांनी कायमच्या निवासाचा परवाना मिळू शकतो, तर पोर्तुगीज नागरिकाच्या पत्नीला त्यासाठी साधारणपणे पाच वर्षे सलग राहावे लागते.