सेटिंगचा वेळ वाचवणारी सल्लासेवा: एका लघुउद्योजकाचा अभिप्राय
भोसरीतील आमच्या छोट्या मशीन शॉपसाठी आम्ही एका सल्लागार संस्थेची उत्पादकता-सुधारणा सेवा सहा महिने घेतली. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांच्या पद्धतीनुसार, मशीन थांबवूनच करावी लागणारी कामे आणि मशीन चालू असतानाच उरकता येणारी कामे सल्लागारांनी ऑपरेटरांसोबत उभे राहून वेगळी केली, तेव्हा सेटिंगचा, म्हणजे एका जॉबनंतर पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करण्याचा, बराचसा वेळ ड्रिल, जॉ (नग पकडणारे जबडे) आणि पाने (स्पॅनर) शोधण्यातच जातो हे आम्हाला प्रथमच दिसले. आता पुढच्या जॉबची ट्रॉली आधीच भरलेली असते आणि पहिला नग तपासण्याचे गेजही तिच्यावरच असतात; माझ्या मते पैसे एवढ्यावरच वसूल झाले. उपलब्धता 90, वेग 95 आणि गुणवत्ता 99 टक्के असली, तरी यंत्राची एकूण परिणामकारकता गुणाकाराने 85 टक्क्यांच्याही किंचित खालीच राहते, हे गणित सुपरवायझरांना चांगलेच झोंबले. नियंत्रण-आलेखांचा, म्हणजे उत्पादनातले चढउतार मर्यादेत आहेत का हे दाखवणाऱ्या आलेखांचा, भाग मात्र घाईत गुंडाळला गेला आणि सगळे तक्ते इंग्रजीत असल्याने त्यांचे मराठीकरण आम्हालाच करावे लागले. महिनोन्महिने एकच जॉब चालवणाऱ्यांना या सेवेचा फारसा उपयोग होणार नाही. ज्यांच्याकडे दिवसाला दोन-तीनदा सेटिंग बदलते, त्यांनी ती अवश्य घ्यावी.